सुट्टी कुणाची?

परदेशात राहणाऱ्या आपल्या मित्रांचं एक वाक्य ठरलेलं आहे. सुट्टीत गावी आले, दिवाणखान्यात पाय पसरले, चहा आला की ते म्हणतातच, "तिकडे काही मजा नाही बरं, सगळं स्वतःच करावं लागतं." समोरचे माना डोलावतात. म्युनिक असो, दोहा असो की डॅलस, वाक्य बदलत नाही. मी आठ वर्षं जर्मनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, दोन लहान मुलांचा बाप आहे, आणि माझी तक्रार त्या वाक्यातल्या 'स्वतः' या शब्दाबद्दल आहे. हा 'स्वतः' नेमका कोण? रात्री दोनला उठून दूध कोमट करणारा? तापलेल्या पोराला मांडीवर घेऊन डॉक्टरकडे दोन तास बसणारा? पाळणाघरातून फोन आला की मीटिंग सोडून पळणारा? की शनिवारी एकदा व्हॅक्यूम क्लीनर फिरवून त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकणारा?

परदेशात जाऊन आपण बदललो, असं आपण सांगत फिरतो. माझ्या मते बदललं इतकंच, की फुकट राबणारे हात जवळ उरले नाहीत. ते हात पुन्हा मिळाले की आपण होतो तिथेच येतो.

आणि हे हात आपण विमानाने मागवतोही. युरोपच्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. हा नियम आपल्या इंजिनिअर मंडळींना नमाजाच्या वेळांइतका पाठ असतो. बाळ झालं की आधी नानी येते, तिचे नव्वद दिवस संपत आले की दादीचं तिकीट निघतं. सहा महिने भागतात. त्या बाईचा दिवस कसा जातो, हे कुणी बघतं का? चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार, गुडघ्यांचं दुखणं, भाषा येत नाही, दारावर येऊन टेकणारी शेजारीण नाही, अजान कानावर पडत नाही. सकाळी सातपासून पोर तिच्या कडेवर आणि मधल्या वेळात पोळ्या. आयुष्यभर जे काम केलं तेच, फक्त थंडीत आणि एकटीने. गावी फोन करून आपण सांगतो, "अम्मी को घुमाने लाए." एका रविवारी कोलोनच्या कॅथेड्रलसमोर उभं करून फोटो काढला की फिरवणं झालं.

नातवाला बघायची तिला ओढ असते, हे शंभर टक्के खरं. माझ्या अम्मीलाही होती. पण ओढ आहे म्हणून रोजची दहा तासांची ड्यूटी लावायची, हे कुठून आलं? अब्बाही त्याच व्हिसावर, त्याच ओढीने येतात. ते बागेत चक्कर मारून येतात आणि ट्राम कशी वेळेवर येते ते सांगतात. (आखातात हा प्रश्नच येत नाही, तिथे हात विकत मिळतात. स्वतःचं लेकरू मागे ठेवून दुसऱ्याचं सांभाळायला आलेल्या बाईचे.)

आता उलटा प्रवास बघा. माझं गाव आसगाव, भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, चौरास पट्ट्यात, धानाच्या मुलखात. शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी लागते आणि फ्रँकफर्ट, मुंबई, नागपूर, मग उमरेड-भिवापूर करत पवनी, असा दीड दिवसाचा प्रवास होतो. तो प्रवास दीड महिना आधी एका डोक्यात सुरू होतो. मुलांचे पासपोर्ट, डॉक्टरकडची तपासणीची पिवळी वही, तापाचं औषध, ओआरएस, डासांचं मलम, विमानात लागणारे दोन जादा कपडे, कोणत्या फुफीला काय आणि कोणत्या खालाने मागच्या वेळी काय मागितलं होतं. बहुतेक घरांत हे डोकं बायकोचं असतं. नवऱ्याच्या डोक्यात एकच आकडा असतो, 23 किलो.

नागपूरला उतरलं की सॉफ्टवेअरवाल्याचा साहेब होतो. जर्मनीत रोज भांड्यांचं मशीन लावणारा माणूस स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. त्याला सुट्टी लागलेली असते. बायकोची मात्र बदली झालेली असते. काम तेच, जागा नवी, वर सासर. मुलं भारतातल्या पाण्याने आजारी पडतात तेव्हा रात्री जागते ती. चार आठवड्यांच्या सुट्टीतून तिला माहेरी किती दिवस मिळाले, एवढा एकच हिशेब करून बघा.

आमच्या घरी मी मागच्या वर्षी अंगणात, नळाखाली धाकट्या मुलीला धूत होतो. समोरच्या मावशी थांबल्या. "का जी, बाई नाई का घरी?" बाई भंडाऱ्याला गेली होती, कॉलेजच्या मैत्रिणीला भेटायला. मी तसं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण अम्मी दारातून ऐकत होती आणि तिचा चेहरा पडला. तिला माझी लाज वाटली नव्हती. लोक आता सुनेला नावं ठेवतील, आणि सुनेला वळण लावलं नाही म्हणून तिलाही, ही तिची धास्ती होती. पुरुषाने पोर धुतलं, गुन्हा दोन बायांच्या नावावर. म्हणून "मी तर तयार असतो, पण अम्मीला आवडत नाही" ही सबब मला मान्य नाही. अम्मीला आवडत नाही कारण बोलणी तिला खावी लागतात. ती बोलणी स्वतःवर घ्या, चारचौघांत सांगा की हे माझं काम आहे. मी त्यानंतर रोज त्याच नळावर, त्याच वेळी, सगळ्यांसमोर ते काम केलं. आठवडाभरात मावशींना त्यात रस उरला नाही.

यावर हुशार लोकांचं उत्तर असतं, "जर्मन लोकांची संस्कृतीच वेगळी." हे उत्तर देणाऱ्यांनी जर्मनीचा इतिहास वाचलेला नसतो. पश्चिम जर्मनीच्या नागरी कायद्यात 1977 पर्यंत घर सांभाळणं ही पत्नीची जबाबदारी होती आणि संसाराच्या कर्तव्यांना बाधा येत नसेल तरच तिने नोकरी करावी, असं लिहिलेलं होतं. नोकरी करणाऱ्या आईसाठी त्यांच्याकडे 'राबेनमुटर' असा खास शब्द आहे. डोमकावळीण आई, पिल्लं टाकून उडून जाणारी. आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही चबुतऱ्यावर हा शब्द सहज खपला असता.

मग बदललं कशाने? कायद्याने आणि पैशाने. 2007 मध्ये तिथे 'एल्टर्नगेल्ड' म्हणजे पालकभत्ता सुरू झाला. बाळासाठी रजा घेतली तर हातात येणाऱ्या पगाराचा साधारण 65 टक्के भाग, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, बारा महिने सरकार देतं. दुसऱ्या पालकानेही रजा घेतली तर आणखी दोन महिने मिळतात, नाही घेतली तर ते बुडतात. त्याआधी अशी रजा घेणारे बाप शंभरात तीन-चार असायचे, आता चाळिसाच्या वर आहेत. 2013 च्या ऑगस्टपासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात किंवा दाईकडे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. पाळणाघरात घातल्यावर पहिले काही आठवडे आई किंवा बापाने तिथेच बसायचं असतं, मूल रुळेपर्यंत. मी बसलो होतो. बोटभर उंचीच्या खुर्च्यांवर आम्ही बरेच बाप गुडघे छातीशी घेऊन बसायचो. त्या बापांत संत कुणी नव्हता. रजा होती, म्हणून आले होते.

जर्मनी काही जन्नत नाही. जागेचा हक्क कागदावर आहे आणि शहरांत पाळणाघरांची यादी लांब आहे. अर्धवेळ नोकरीत आजही बायकाच जास्त, आणि बरेच बाप नेमके ते दोन महिने घेऊन थांबतात. आपल्यातले काही देशबांधव तर ते दोन महिने घेऊन थेट भारतात येतात, पोर दादीकडे देतात आणि स्वतः मित्रांबरोबर ताडोबाला जातात. बाळासाठी मिळालेली रजा, वाघासाठी खर्च. पण मुद्दा हा, की आपण ज्याला त्यांची संस्कृती म्हणतो तिचं वय माझ्यापेक्षाही कमी आहे.

आणि आपल्याकडे? 2017 च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण खासगी नोकरीतल्या बापाला त्या कायद्यात एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात, बाकीच्यांना कंपनीची मर्जी. याचा परिणाम साधा आहे. कर्मचारी विमा योजनेबाहेरच्या नोकरीत त्या 26 आठवड्यांचा सगळा पगार मालकाने द्यायचा आणि रजा फक्त बाईला, मग मुलाखतीत पंचविशीतल्या मुलीला "लग्नाचं काय ठरलंय?" असं विचारलं जातं आणि शेजारच्या मुलाला विचारलं जात नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये लोकसभेत पितृत्व रजेचं खासगी विधेयक आणलं होतं. पंधरा दिवसांची रजा, वाढवून तीन महिन्यांपर्यंत. त्याचा कायदा झाला नाही. आपण कशाकशासाठी मोर्चे काढतो, याच्यासाठी एक निवेदनही निघालं नाही.

सरकारचं 2024 चं वेळवापर सर्वेक्षण सांगतं की बिनपगारी घरकामाला बाई दिवसाला 289 मिनिटं देते आणि पुरुष 88. ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे. ज्यांनी त्या दिवशी काडी हलवली नाही, ते पुरुष या 88 मध्ये धरलेलेच नाहीत.

आता दीनचा आधार घेणाऱ्यांशी दोन शब्द. आईच्या पायाखाली जन्नत, हे प्रत्येक तकरीरीत येतं, आणि ते ऐकून आई पुन्हा भांडी घासायला जाते. बुखारीच्या संग्रहात हजरत आयशा यांना विचारलेला प्रश्न आहे, की पैगंबर घरात काय करत. त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजाची वेळ झाली की निघत. सूरा बकरामध्ये दूध तोडण्याचा निर्णयसुद्धा आई-बाप दोघांच्या राजीखुशीने आणि सल्लामसलतीने घ्यायला सांगितलं आहे. दूध तोडण्यासारख्या गोष्टीत जिथे तिचा सल्ला लागतो, तिथे तिची नोकरी सुटताना तो कुणी घेतला होता?

नोकरी सुटते ती अशीच, न विचारता. बायोडेटा बघा, "लड़का जर्मनी में सेटल, लड़की बी.ई., घरेलू चाहिए." बी.ई.ही हवी आणि घरेलूही. व्हिसाचं कारण सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत एच-फोरवर गेलेल्या बायकोला कामाची परवानगी 2015 पासून मिळते, तीही काहींनाच, तिथली अडचण खरी आहे. पण जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला नोकरीची पूर्ण मुभा आहे. तिथेही आपल्या किती शिकलेल्या मुली घरात आहेत ते मी दर ईदला बघतो. तरुण मुलींना माझं सांगणं, निकाहनाम्यात अटी घालता येतात. नोकरीची अट घाला. आणि मुलाला पगार विचारताना रजा किती मिळते आणि किती घेणार, हेही विचारा. मुलांनो, या प्रश्नाचा राग येत असेल तर लग्न पुढे ढकला.

"हे इंजिनिअरांचे चोचले" असं कुणी म्हणेल. आम्ही जुलैत येतो तेव्हा आसगावात रोवणी चालू असते. बांधीत चिखलात वाकलेल्या बाया आणि धुऱ्यावर झाडाला बांधलेली साडीची झोळी. त्या झोळीला झोका द्यायला सहा-सात वर्षांची पोरगी, जिने शाळेत असायला हवं. अंगणवाडी दुपारी बंद होते, रोवणी दिवस बुडेपर्यंत चालते. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद लिहिली गेली होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. किती कामांवर ती नेमली गेली, हे आपल्या गावातल्या मजूर बायांना विचारा. बाई घरात बसणं ही आपली परंपरा आहे म्हणणाऱ्यांना या बाया दिसत नाहीत. आपल्या मोहल्ल्यांत बिड्या वळणाऱ्या, तुकड्यावर शिवणकाम करणाऱ्या बायाही दिसत नाहीत. त्या घरून काम करतात कारण पोर ठेवायला जागा नाही. कमी मजुरी घेतात त्याचंही ते एक कारण आहे.

जागा आहे. तालुक्याच्या जवळपास प्रत्येक गावी आपला शादीखाना आहे, कुठे उर्दू शाळेची इमारत आहे, कुठे जमातीचा हॉल. वर्षातले बहुतेक दिवस त्याला कुलूप असतं. केंद्र सरकारची 'पाळणा' नावाची अंगणवाडी-सह-पाळणाघराची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या तालुका कार्यालयात अर्ज घेऊन जा आणि आपल्या गावात ती का नाही, हे लेखी विचारा. तोवर शादीखान्यात पंधरा मुलांचं पाळणाघर चालवायला दोन पगारी बाया, एक स्वयंपाकीण, स्वच्छ संडास आणि दाराला जाळी लागते. कुठल्याही जातीधर्माचं मूल येऊ द्या. आम्ही परदेशातले लोक गावातल्या मशिदीच्या फरश्यांसाठी, मिनारांसाठी पैसे पाठवतोच, त्यातला एक हप्ता इकडे वळवायला कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. हरकत असलीच तर ती जमातीच्या पुढच्या बैठकीत निघेल. त्या बैठकीला बायकांनाही बोलवा. शादीखान्याची किल्ली कुणाकडे असते, ते आधीच विचारून ठेवा.