फोनच्या खोक्यावर एक तारीख छापा

मा. सचिव,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
नवी दिल्ली यांस



आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीतली ‘सर्ट-इन’ ही सायबर सुरक्षेची संस्था अँड्रॉइडमधल्या त्रुटींबद्दल वेळोवेळी इशारे देते. त्यांत उपाय बहुधा एकच असतो : फोन अपडेट करा. सल्ला बरोबर आहे. पण स्वस्तातला चार वर्षांपूर्वीचा फोन हातात घ्या आणि अपडेट शोधा. ‘तुमची सिस्टिम अद्ययावत आहे’ असे उत्तर येते, आणि खाली सुरक्षा पॅचची तारीख मात्र दोन वर्षांपूर्वीची दिसते. अशा माणसाने काय करायचे, हे कोणत्याही इशाऱ्यात नसते. त्याच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे. कोणत्या ॲपने कोणती मेमरी वाचायची, कोणत्या फाइलला हात लावायचा, हे शेवटी तोच ठरवतो. बँकेचे ॲप कितीही काळजीने लिहिलेले असो, कर्नलचा ताबा परक्याकडे गेला की त्या काळजीला अर्थ उरत नाही. म्हणूनच कर्नलमधली चूक सापडणे आणि दुरुस्त होणे याला एवढे महत्त्व. आणि ती दुरुस्त होतेही, बऱ्याचदा फार लवकर. आपले दुखणे त्यापुढचे आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सिझबॉट या स्वयंचलित चाचणी यंत्रणेला बाइंडरमध्ये एक चूक सापडली. अँड्रॉइडमधली ॲप आणि सेवा एकमेकांशी बोलतात त्या कर्नलच्या या भागामार्फत. मेमरीचा एक तुकडा मोकळा करून झाल्यावरही कर्नलचा दुसरा भाग तो वापरतच राही. मधल्या क्षणी त्या जागेत आपल्याला हवे ते भरता आले की हल्लेखोराला कर्नलपर्यंत वाट मिळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मोजक्या ओळींची दुरुस्ती झाली. ती लिनक्सच्या ४.१४ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीत गेली, गुगलच्या सामाईक अँड्रॉइड कर्नलमध्येही गेली. पण जाहीर त्रुटींना नोंदीसाठी दिला जाणारा सीव्हीई क्रमांक तिला मिळाला नाही, अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा पत्रकात तिचा उल्लेख आला नाही, आणि बाजारातल्या कितीतरी फोनपर्यंत ती पोहोचलीच नाही. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस गुगलच्याच प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा संशोधकांच्या गटातल्या मॅडी स्टोन यांनी ती चूक पुन्हा पुढे आणली. तिचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होत असल्याची माहिती तेव्हा त्यांच्या हाती आली होती. पत्रकात ती आली ऑक्टोबर २०१९ मध्ये. इलाज तयार होता, आणि फोन वीस महिने उघडे होते. बाधित फोनांच्या यादीत गुगलचा स्वतःचा पिक्सेल २ होता, सॅमसंगचे महागडे फोन होते, आणि आपल्याकडे खेडोपाडी विकले गेलेले रेडमी ५ए व रेडमी नोट ५ हेही होते.

असाच दुसरा अनुभव भारताला आधीच आला होता. ‘डर्टी काऊ’ ही चूक कर्नलमध्ये २००७ पासून होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ती दुरुस्त केली. त्यानंतर जवळपास वर्षभराने, सप्टेंबर २०१७ मध्ये, ट्रेंड मायक्रो या सायबर सुरक्षा कंपनीने झेडएनआययू हा मालवेअर उघड केला. तो हीच चूक वापरून फोनचा ताबा घेत होता. त्याचे बळी चाळीसहून अधिक देशांत आढळले, आणि त्यांतले बहुतेक चीन आणि भारतातले होते.

दुरुस्ती लिहिणाऱ्यांकडे मी बोट दाखवणार नाही. मूळ कर्नलमधून ती स्थिर आवृत्तीत येते, तिथून गुगलकडे, मग चिप बनवणाऱ्याकडे, मग फोनच्या कंपनीकडे, आणि सगळ्यात शेवटी फोनवर. यात कोणत्याही टप्प्यावर ती थांबली तर आपल्या देशात कोणालाही जाब द्यावा लागत नाही. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना घडली की सहा तासांत सर्ट-इनला कळवणे बंधनकारक आहे. घर फुटल्याची वर्दी सहा तासांत हवी, आणि दार दुरुस्त करायला मुदतच नाही, हे मला पटत नाही.

पैसेवाल्याची सोय बाजाराने केली आहे. पिक्सेल ८ आणि गॅलक्सी एस२४ यांना सात वर्षे अपडेट देण्याचे वचन आहे. दहा हजारांच्या फोनची मुदत बहुधा त्याहून कितीतरी कमी, आणि तोच फोन जास्त वर्षे चालतो. मुलाने नवा घेतला की जुना आईकडे जातो, आणि त्याच फोनवर तिचे यूपीआय असते. ज्याचे गेलेले पाच हजार रुपये महिनाभराचे गणित बिघडवतात, त्यालाच सर्वात उघडा फोन मिळावा, ही स्थिती मला अन्यायाची वाटते.

माझी पहिली मागणी साधी आहे. फोनच्या खोक्यावर आणि जाहिरातीत एक तारीख ठळक छापायला लावा : या दिवसापर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. आज *#०७# दाबले की फोनच्या किरणोत्सर्गाचे प्रमाण स्क्रीनवर येते, कारण सरकारने तशी माहिती देणे सक्तीचे केले. ही तारीखही तितक्याच सहज दिसू द्या, म्हणजे जुना फोन विकत घेणाऱ्यालाही ती तपासता येईल. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशी मुदत जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे.

दुसरी मागणी मुदतीची. कर्नलची दुरुस्ती जाहीर झाल्यापासून किती दिवसांत ती भारतात विकलेल्या फोनवर पोहोचली पाहिजे, हे ठरवा. युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत सुरक्षा अपडेटसाठी चार महिन्यांची मर्यादा आहे. मला चार महिनेही जास्त वाटतात, पण आपल्याकडे तेवढीही मर्यादा नाही. कंपन्या खर्चाचे कारण सांगतील. त्यांना विचारा की अँड्रॉइड १२ पासून गुगलने सगळ्या कंपन्यांसाठी एकच तयार कर्नल आणल्यावर तो खर्च किती उरला.

हे सगळे नियम होईपर्यंत वेळ लागेल, हे मी समजू शकतो. पण सरकार स्वतः फोन आणि टॅब्लेट विकत घेते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत केले, तेव्हा चर्चा कमी मेमरीची आणि बिघाडांची झाली. त्या फोनांत बालकांची वजने आणि गरोदर मातांची माहिती भरली जात होती. अशा खरेदीच्या पुढच्या प्रत्येक निविदेत किमान पाच वर्षांच्या सुरक्षा अपडेटची अट घाला, आणि ती मोडली तर दंडही लिहा. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.

आपला,
फोनवरच सगळे व्यवहार करणारा एक नागरिक