जबड्याचा सर्जन घडतो कुठे?

गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे जमीनदोस्त झाली, सुमारे १० हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे जड छत अशी घरे होती. ती झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर, तोंडावर, छातीवर आली. नाकातोंडात माती जाऊन कित्येक जण गुदमरले. जे ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले त्यांना मिळेल त्या वाहनाने उमरगा, लातूर, सोलापूरच्या रुग्णालयांत नेण्यात आले.

अशा वेळी चेहऱ्याच्या जखमेकडे पाहण्याची एक सवय आपल्याकडे आहे. ‘जीव वाचू द्या, चेहऱ्याचे नंतर बघू,’ असे म्हटले जाते. पण श्वास चेहऱ्यातूनच जातो. खालचा जबडा पुढच्या बाजूला दोन ठिकाणी मोडला की जिभेचा आधार सुटतो. माणूस उताणा असेल तर जीभ मागे पडून घसा बंद होतो. त्यात रक्त आणि तुटलेले दात घशात उतरतात. म्हणून शुद्धीवर असलेल्या अशा जखमीला, मानेला मार नसेल तर, बसवून पुढे झुकू द्यावे. मानेबद्दल शंका असेल तर मान सरळ धरून सगळे अंग एकदम कुशीवर वळवावे. एवढ्याने जीव वाचू शकतो. पण हे प्रत्यक्ष करून पाहिलेला माणूस जवळ असावा लागतो, आणि प्रश्न तिथेच आहे.

किल्लारीचे पुनर्वसन झाले, घरे नवी झाली. १०८ रुग्णवाहिका आली. लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण चेहऱ्याच्या दुखापती थांबल्या नाहीत, त्यांचे कारण बदलले. लातूर-औसा-उमरगा रस्त्यावर दुचाकी सुसाट धावतात आणि हेल्मेट बहुधा घरी असते. गळीत हंगामात रात्री मागे दिवा किंवा परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असते. दुचाकीस्वार तिच्यावर आदळतो तो तोंडानेच. किल्लारीहून लातूर ४०-४५ किलोमीटर आहे. मराठवाड्यातले जुने शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटरवर.

लहान मुलांचे नुकसान तर उशिरा कळते. मूल गच्चीवरून किंवा झाडावरून हनुवटीवर पडते. हनुवटी फाटते, टाके पडतात, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते आणि मूल घरी जाते. हनुवटीवरचा मार कानासमोरच्या जबड्याच्या सांध्यापर्यंत पोहोचतो आणि तिथले हाड मोडते, हे लक्षात येत नाही. काही मुलांमध्ये पुढे तो सांधा जखडतो. तोंड उघडणे कमी होत जाते, शेवटी एक बोटही आत जात नाही. जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी आत जाते, झोपेत श्वास अडकतो, खाणे पातळ अन्नावर येते. मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तिच्यासाठी भूल देणेही अवघड, कारण नळी घालायला तोंडच उघडत नाही. पहिल्या दिवशी कोणी कानासमोर बोट ठेवून ‘बाळा, तोंड उघड’ म्हटले असते, एक एक्स-रे काढला असता आणि पुढे काही आठवडे तोंड उघडण्याचा व्यायाम करून घेतला असता, तर बहुतेकदा ही वेळ आली नसती.

हे काम ज्यांचे, ते तोंड व जबड्याचे शल्यचिकित्सक. आपल्याकडे पाच वर्षांच्या बीडीएसनंतर तीन वर्षांचे एमडीएस करून ते तयार होतात. अमेरिकेत दंतवैद्यकाच्या पदवीनंतर किमान चार वर्षे रुग्णालयात निवासी म्हणून काढावी लागतात. ब्रिटनमध्ये दंतवैद्यक आणि वैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात. म्हणून आपली तीन वर्षे अपुरी आहेत का, अशी चर्चा अधूनमधून होते. ती व्हायला हरकत नाही. पण ही तीन वर्षे जातात कुठे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

मोडलेला जबडा येतो वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात, बहुधा रात्री. तो जोडायला शिकणारा निवासी डॉक्टर असतो दंत महाविद्यालयात, जिथे बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळी बंद होतो. रुग्ण एका इमारतीत आणि शिकणारा दुसऱ्या इमारतीत. भूल, सर्जरी, अपघात विभागातले काम अभ्यासक्रमात आहे. पण अनेक ठिकाणी ते वहीत सही घेण्यापुरते उरते. मग तीन वर्षांत अक्कलदाढा पुष्कळ निघतात, इम्प्लांटही बसतात. पण घसा बंद होत असलेल्या माणसाच्या मानेत छेद घेऊन श्वासाला वाट करून देण्याची वेळ आली की हात थरथरतो. त्यात त्या मुलाचा किंवा मुलीचा दोष नाही. जे दाखवलेच नाही ते येणार कसे?

या शास्त्राचा इतिहासही हेच सांगतो. पहिल्या महायुद्धात वराझटाड कझांजियन हा हार्वर्डचा दंतवैद्य फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात जबडे उडालेल्या सैनिकांवर उपचार करत होता. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज या सर्जनने सिडकपच्या रुग्णालयात दंतवैद्य, भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांना एकाच छताखाली आणले. जिथे जखमी होते, तिथेच शिकणारे होते.

तेव्हा करायचे काय? एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. जबड्याची शस्त्रक्रिया शिकणाऱ्यांसाठीही असा काळ काटेकोरपणे पाळला जावा. लातूर आणि नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, खासगी दंत महाविद्यालयेही आहेत. त्यांनी करार करून अपघात विभागाची रात्रपाळी वाटून घ्यावी. निवासी डॉक्टरांनी महिन्यातून एकदा किल्लारीसारख्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तिथल्या डॉक्टर-परिचारिकांना हनुवटीला मार लागलेले मूल कसे तपासायचे, हे दाखवावे. आणि शिकून झाल्यावर या तज्ज्ञांसाठी जिल्हा रुग्णालयात पद असावे. पद नसेल तर चांगला शिकलेला सर्जनही शहरात इम्प्लांटचा दवाखाना थाटणारच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हे काम प्लास्टिक सर्जन आणि कान-नाक-घसा तज्ज्ञही करतात. खरे आहे, आणि त्यांनी करावेच. पण प्लास्टिक सर्जन सगळ्या जिल्ह्यांत नाहीत, आणि मोडलेला जबडा जोडताना दातांवर दात नीट बसवणे हे दंतवैद्यकाचेच ज्ञान आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निवासी डॉक्टर आधीच दमलेले असतात; शिकवणारा वरिष्ठ आणि साहित्य नसलेल्या रुग्णालयात त्यांना पाठवणे म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली फुकटचे मनुष्यबळ. म्हणून नियम उलटा हवा: आधी वरिष्ठ, भूलतज्ज्ञ, तारा, प्लेटा आणि कामाचे ठरलेले तास; मग विद्यार्थी. जबडा तारेने बांधायला लागणारे साहित्य महागडे नसते. ते वापरणारा हात तयार व्हायला वेळ लागतो.

दर ३० सप्टेंबरला किल्लारीत मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. भूकंप पुन्हा कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण आज रात्री औसा-उमरगा रस्त्यावर कोणीतरी तोंडावर पडेल, हे सांगायला भूगर्भशास्त्र लागत नाही. त्याला ओळखणारा आणि सावरणारा डॉक्टर जवळच्या रुग्णालयात असावा, याची तयारी आजच्या प्रशिक्षणातच करावी लागेल.