शेतकऱ्याच्या खांद्यावरची बाटली

परवा मंठ्याला गेलो होतो. बॅगेत स्पेनहून आणलेली रिओखाची एक 'रेसेर्वा' होती. घरी उघडायची सोय नाही, आई बाटलीसकट मलाही बाहेर काढेल. म्हणून मित्राच्या आखाड्यावर, स्टीलच्या पेल्यांत. त्याचा मेव्हणा कडवंचीचा, द्राक्षवाला, तोही आलेला.

रंग विटकरीकडे झुकलेला. आधी सुक्या खोबऱ्याचा वास, मग जुनं लाकडी कपाट उघडल्यावर येतो तसा. चव आंबटसर, शेवटी सुपारीसारखी तुरट. "पाणचट लागायलंय की राव!" मित्र म्हणाला. दुसऱ्या घोटाला मात्र गप्प बसला.

खोबऱ्याचा वास अमेरिकन ओकचा. तिकडे लाल वाइनला रेसेर्वा म्हणायचं तर ती किमान ३ वर्षं मुरवावी लागते, त्यातलं किमान १ वर्ष २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात. ग्रान रेसेर्वाला ५ वर्षं. आणि रिओखा हे नाव फक्त त्याच भागातल्या द्राक्षांना. १९२६ पासून यावर लक्ष ठेवायला नियामक मंडळ आहे.

"म्हणजे लिंबाच्या लोणच्यागत," मेव्हणा म्हणाला. अगदी!

आता मुद्द्यावर येतो. २७ जानेवारी २०२२ ला आपल्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मंजुरी दिली होती. कारण काय, तर शेतकऱ्याचं भलं. वर म्हणे वाइन म्हणजे दारू नव्हे. अहो, बाटलीवर १३-१४ टक्के अल्कोहोल छापलेलं असतं, बिअरच्या दुप्पट. दारूच आहे ती. मी पितो, तर तसं म्हणून पितो. विरोध झाला, हरकती मागवल्या गेल्या. विरोधकही संस्कृती बुडाली म्हणून ओरडले. द्राक्षं कुणाची आणि भाव किती, हे दोन्हीकडून कुणी विचारलं नाही.

मी मेव्हण्याला विचारलं, तुझा माल वाइनला जातो का? तो हसलाच. त्याच्याकडे थॉमसन, खायचं द्राक्ष: पांढरं, पातळ साल, बी नाही. लाल वाइनला लागतं काळं, लहान मण्याचं, जाड सालीचं. रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो. शिराझ लावायचं तर जात बदला, पीक यायला दोन-तीन वर्षं थांबा, आणि वाइनरीशी करार नसेल तर माल विकायचा कुणाला? बाजारात ते खायला कोण घेणार? मग दुकानात बाटल्या मांडून याच्या घरात चार पैसे कसे येणार, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

शेतकऱ्याच्या नावानेच वाइन विकायची असेल, तर बाटलीवर लिहा: द्राक्ष कुठल्या गावचं, जात कुठली, लाकडात किती महिने. लावणीआधी भावाचा लेखी करार करा. अशक्य आहे म्हणू नका. युरोपला जाणारी द्राक्षं ग्रेपनेट या सरकारी प्रणालीत नोंदवलेली असतात; पेटीवरून थेट बागेपर्यंत पोचता येतं. माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, अवघड भाग होऊन गेलाय. परदेशी गिऱ्हाईकासाठी जे करता, ते आपल्या बाटलीसाठी करा.

तोवर खुशाल प्या आणि विका. फक्त शेतकऱ्याच्या खांद्यावर बाटली ठेवू नका. असो.