पिशवी उचलणाऱ्याचा हक्क

क्षयरोग्याची थुंकी तपासली, अहवाल हाती आला, की काम संपले असे आपण समजतो. ती थुंकीची डबी पुढे कोणी उचलली, हे कोणी विचारीत नाही. बंधुभगिनींनो, इगतपुरीस काय किंवा मुंबईस काय, ते हात बहुधा आपल्याच माणसांचे असतात.

क्षयाचे जंतू उन्हात लवकर मरतात. अंधारात व ओलाव्यात टिकून राहतात. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर तर पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्यदर्शन होत नाही. तेथे डबी उकिरड्यावर फेकून उन्हावर भिस्त ठेवणे हा निव्वळ अविचार होय.

प्रयोगशाळेतील जंतूयुक्त कचरा तेथल्या तेथेच निर्जंतुक झाला पाहिजे, असे २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात. डब्या व काड्या पाच टक्के फिनॉलमध्ये बुडवून ठेवाव्यात, १२१ अंशांच्या वाफेत ऑटोक्लेव्ह कराव्यात, मगच ठरलेल्या रंगाच्या पिशवीत भराव्यात. सुया पांढऱ्या, भोके न पडणाऱ्या डब्यात. काचपट्ट्या निळ्या खुणेच्या पेटीत. क्षय मुख्यतः हवेतून पसरतो हे खरे. परंतु टोचलेल्या सुईतून कावीळ येते, तिचे काय?

म्हणूनच हातमोजे, मुखपट्टी, प्रशिक्षण, ‘हिपॅटायटिस-बी’ व धनुर्वाताची लस आणि वर्षातून एकदा आरोग्यतपासणी, हे सर्व देणे संस्थेवर बंधनकारक आहे. हा कोणाचा उपकार नव्हे. कचरा हाताळणाऱ्या ‘इतरांचा’ही नियमात उल्लेख आहे, तेव्हा ठेकेदाराच्या हाताखालचा रोजंदार त्यातून वगळता येत नाही. आपल्या घरातील कोणी या कामावर असेल, तर लस टोचल्याची नोंद त्याने आजच मागावी, आणि तीही लेखी.