मंडपात त्रिशरण, खिशात मुहूर्त



लग्नसराईत जुना जालन्यातल्या आपल्या वस्त्यांत फिरा. मंडपात तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा दिसतील, पांढरी वस्त्रे दिसतील, त्रिशरण-पंचशील ऐकू येईल. मग घरातल्या जाणत्या माणसाला बाजूला घेऊन हळूच विचारा, तारीख कशी ठरली? अनेक ठिकाणी उत्तर मिळते, "एकाला दाखवून घेतली होती." हुंड्याचे विचाराल तर "पोरीला हौसेने दिले." आणि सोयरीक जुळवताना सोमवंशी की लाडवण, हा प्रश्न आधीच उरकलेला असतो.

म्हणजे भटजी मंडपातून गेला, पण त्याचे पंचांग खिशात राहिले. हा लेख त्या खिशाबद्दल आहे.

धर्माच्या वाटेने समाज बदलायला निघालेले आपण पहिले नाही. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. निर्मिकाची सगळी लेकरे सारखी, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये दलाल नको, हा त्याचा गाभा. पण तात्यासाहेब विचार मांडून थांबले नाहीत. तीन महिन्यांत, 25 डिसेंबर 1873 रोजी, सीताराम जबाजी आल्हाट आणि ग्यानोबा निंबणकरांची कन्या राधा यांचे लग्न भटजीशिवाय लागले. जोतीरावांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत नवरी नवऱ्याकडे स्त्रियांचे हक्क मागते आणि तो ते देण्याचे वचन देतो. पुढे ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजी न बोलावता लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशांनी दक्षिणेसाठी त्यांना कोर्टात खेचले आणि प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. एका लग्नासाठी एवढी धावपळ का झाली? कारण घरातल्या विधीवर हात पडला की व्यवस्थेचे उत्पन्न आणि अधिकार दोन्ही जातात. पुरोहितशाहीला हे पक्के ठाऊक होते. आपल्यालाच त्याचा विसर पडला.

याच काळात हजारो मैल दूर कोरियात अशीच एक चळवळ उभी होती. 1860 साली चोए जे-उ यांनी 'दोंगहाक' म्हणजे पूर्वेची विद्या हा पंथ सुरू केला. प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वर आहे, म्हणून माणसाला ईश्वरासारखेच वागवा, ही त्याची शिकवण. चोए यांनी सुरुवात घरापासून केली. घरातल्या दोन दासींना मुक्त करून एकीला सून आणि दुसरीला मानलेली मुलगी केले. 1864 साली राजसत्तेने त्यांचा शिरच्छेद केला. त्यांचे वारस चोए सि-ह्योंग यांनी वाडवडिलांसाठी मांडायचे नैवेद्याचे ताट भिंतीकडे न मांडता स्वतःकडे तोंड करून मांडायला सांगितले. पूर्वज आपल्यातच आहेत, मग त्यांना बाहेर कुठे शोधायचे? श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारणारी आपली सहावी प्रतिज्ञा आठवा. 1898 साली त्यांनाही फाशी झाली.

मधल्या काळात, 1894 साली, जॉन बोंग-जुन यांच्या नेतृत्वाखाली दोंगहाक शेतकऱ्यांनी मोठा उठाव केला. त्यांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या मागण्यांत गुलामांची कागदपत्रे जाळा, तरुण विधवांना पुनर्विवाह करू द्या, हीन मानलेल्या जातींची वागणूक सुधारा, अशी कलमे आहेत. जपानी फौजेच्या बंदुकांपुढे उठाव चिरडला गेला. पण पंथ संपला नाही. 1905 साली सोन ब्योंग-ही यांनी त्याला 'चोंदोग्यो' हे नाव देऊन नव्याने बांधणी केली.

ती बांधणी कशावर उभी राहिली? चमचाभर तांदळावर. प्रत्येक जेवणाचा भात शिजवताना घरातल्या माणशी एक चमचा तांदूळ बाजूला काढायचा आणि तो संघटनेला द्यायचा. दर रविवारी एकत्र जमायचे. वेदीवर मांस-पक्वान्न न मांडता स्वच्छ पाण्याचे भांडे ठेवायचे. या तांदळाच्या पैशातून शाळा चालल्या, छापखाना चालला. 1 मार्च 1919 रोजी जपानी सत्तेविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, तो याच पंथाच्या छापखान्यात छापलेला होता. त्यावर सही करणाऱ्या 33 जणांपैकी 15 जण चोंदोग्योचे होते. कुणा सावकाराच्या देणगीवर हे झाले असते का?

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण आपण भक्त नाही, सत्यशोधक आहोत. दोंगहाकमध्ये मंत्र होते, आजाऱ्याला मंतरलेला कागद पाण्यातून देणे होते. बाबासाहेबांचा धम्म अशा गोष्टींना थारा देत नाही आणि आपल्याला त्यातले काही उचलायचे नाही. शिवाय कोरियातले अस्पृश्य म्हणजे खाटीककाम करणारे 'बेक्जोंग'. त्यांच्या वतीने मागण्या झाल्या, कायद्याने दर्जाभेदही गेला, पण अपमान राहिलाच. शेवटी 1923 साली जिंजू शहरात 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना त्यांच्याच प्रश्नावर उभी राहिली. नावातला पहिला शब्द तराजूचा, कारण खाटकाच्या हातातला तराजू समतोल हवा. पुढच्याच वर्षी, 1924 साली, बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि 1927 साली महाडचे तळे गाठले. दोन देशांतून एकच धडा मिळतो. सुधारणेचा धर्म कितीही उदार असो, शेवटच्या माणसाला स्वतः संघटित व्हावेच लागते.

आणि सत्यशोधक समाजाचे काय झाले? 1930 नंतर बहुतेक ब्राह्मणेतर पुढारी काँग्रेसमध्ये गेले. पुढारी गेले तशी संघटना विरळ झाली. गावोगावच्या घरांत पुन्हा भटजी आला. सत्तेत वाटा मिळाला, पण देव्हारा आणि लग्नाचा मंडप परत हातातून गेला.

बाबासाहेबांनी हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला असावा, असे मला वाटते. म्हणूनच 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नुसता जयघोष करून घेतला नाही, बावीस प्रतिज्ञा दिल्या. अनेक प्रतिज्ञा 'मी' या शब्दाने सुरू होतात. तिथे पुढारी नाही, पक्ष नाही, तिकीट नाही. मी करणार, मी करणार नाही, एवढेच आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, "आधी सत्ता, मग संस्कार." मित्रांनो, आपण मराठवाड्याची माणसे आहोत. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 चा आणि अंमल 14 जानेवारी 1994 चा. मधल्या सोळा वर्षांत आपल्या माणसांची घरे जळली, जीव गेले. कमानीवर बाबासाहेबांचे नाव यावे म्हणून ज्यांनी हे सोसले, त्यांच्या नातवाच्या लग्नाची तारीख पंचांगाने ठरावी? सत्तेची लढाई लढायचीच आहे. पण घर हरलेला समाज सत्तेत जाऊन कुणाचे घर राखणार?

म्हणून जुना जालन्यातल्या तरुणांपुढे तीन साधी कामे ठेवतो. लग्नाची तारीख सुट्टी आणि सोय बघून ठरवा आणि तसे पत्रिकेतच छापा. मंडपात वधूवरांनी बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणाव्यात, हुंडा घेतला-दिला नाही हे सांगावे आणि पोटजात विचारणारी सोयरीक सरळ नाकारावी. तिसरे काम म्हणजे घरटी रोज मूठभर धान्य बाजूला काढा, रविवारी विहारात जमा करा आणि त्यातून वस्तीत एक अभ्यासिका चालवा. हिशोब फळ्यावर लिहा.

कोरियातल्या गरीब घरांनी चमचाभर तांदळावर शाळा आणि छापखाना चालवला. आपल्या घरात मूठभर ज्वारी निघणार नाही का?

जय जोती! जय भीम!