खुरपणारीला विचारलंत का?

आमच्या भिगवण भागातल्या एका गावाची लोक जैवविविधता नोंदवही मी चाळली. औषधी वनस्पती म्हणून तुळस, कडुनिंब, कोरफड, अडुळसा. संपलं! उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेलं गाव, आणि वहीत माका नाही, घेटुळी नाही, ढोरगुंज नाही, पायात भरणारा सराटासुद्धा नाही. ही नोंद नव्हे, फसवणूक आहे. ही वही मागणारा जैवविविधता कायदा २००२ चा. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हा कुठे कागद हलले. ही वही ज्याने भरली त्याने बांधावर पाय ठेवलेला नाही.

उसात खुरपं लागलं की माझी आजी दगडी पाला चुरगाळून जखमेवर दाबायची. त्यालाच कुणी एकदांडी म्हणतं, कुणी जखमजोडी, कुणी कंबरमोडी. ही वनस्पती मूळची अमेरिकेतली. तेव्हा ही नावं कुठल्या प्राचीन पोथीतली नाहीत. इथल्या माणसांनी पाहून, वापरून ठेवलेली आहेत. युरोपातही तेच झालं. कॉम्फ्री या वनस्पतीला इंग्रज खेडूत ‘निटबोन’ म्हणायचे, हाडं सांधणारी. आपल्या हाडजोडीशी तिचं कुळ जुळत नाही, नाव मात्र जुळतं.

नावाने औषध सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण नाव गेलं की ओळख जाते, आणि मग विषबाधा होते. कॉम्फ्री समजून विषारी फॉक्सग्लोव्हची पानं पोटात गेल्याने तिकडे माणसं अत्यवस्थ झाली आहेत. इकडे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. त्यावर आयुष मंत्रालय म्हणालं, खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घातक ठरू शकते. वाद तज्ज्ञांनी निस्तरावा. पण कोरोनाच्या धास्तीने काढे उकळणाऱ्या किती घरांत ती वेल ओळखणारं माणूस उरलं होतं?

आता उसात टू-फोर-डी हे तणनाशक फवारतात. ऊस वाचतो, रुंद पानांचं सगळं जळतं. माका, घेटुळी, दगडी पाला, सगळ्यांना एकच नाव उरलंय: तण.

ती वही रद्द करा. श्रावणात बांधावर या. प्रत्येक झाडापुढे गावातलं नाव लिहा, शास्त्रीय नाव लिहा, ते कुठे उगवतं आणि कुणी सांगितलं तेही लिहा. आणि जी बाई सांगेल तिला त्या दिवसाची मजुरी द्या.