बेट बदला म्हणजे झाले?

ग्रेट निकोबारवरील प्रकल्पाच्या बातम्यांत एक आश्वासन वारंवार वाचावयास मिळते: पक्ष्यांसाठी पर्यायी व्यवस्था केली जाईल. माझी हरकत या आश्वासनालाच आहे, आणि ती भावनेची नसून भौतिकशास्त्राची आहे.

निकोबारी मेगापोड अंगाच्या उबेने अंडी उबवीत नाही. किनाऱ्यालगत वाळू, प्रवाळांचा चुरा आणि पालापाचोळा उकरून तो मोठा ढीग रचतो. कुजणाऱ्या पाल्याची उष्णता अंड्यांना ऊब देते. ढिगाचे आकारमान, वाळूतील ओलावा, वर झाडांची सावली किती, या साऱ्यांचा मेळ बसला तरच पिल्लू स्वतःच माती उकरून बाहेर येते. हे उबवणीयंत्र उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. त्या किनाऱ्याचाच तो भाग आहे.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तोच किनारा गिळला. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरांहून अधिक खचली, मेगापोडचे असंख्य ढीग वाहून गेले. गॅलाथिया उपसागराचे अभयारण्य लेदरबॅक कासवांमुळे प्रसिद्ध, पण मेगापोडचे ढीगही तेथे होते. बंदरासाठी जानेवारी २०२१ मध्ये ते अभयारण्यच रद्द करण्यात आले. मेगापोडसाठी पुढे आले ते मेंचल बेट: जेमतेम सव्वा चौरस किलोमीटर! (सुमारे १३० चौरस किलोमीटर वर्षावनाची भरपाई हरियाणात झाडे लावून करण्याच्या योजनेपुढे हेही सौम्यच म्हणायचे.)

आम्ही सर्जापूर रोडवरील मंडळी कैकोंड्रहळ्ळी तलावावरच्या पाणकावळ्यांच्या याद्यांवर याद्या नोंदवतो. जिथे माणसे पोहोचतात तिथेच नोंदी साचतात. दुर्गम बेटावर नोंद नाही म्हणून पक्षी नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आठवावे: मुंबईच्या बीएनएचएसच्या हुमायून अब्दुलालींनी दशकानुदशके या द्वीपसमूहाचे पक्षी अभ्यासले, तरीही २०११ साली ग्रेट निकोबारवर फटाकडीच्या कुळातला असा एक पक्षी दिसला, जो कोणत्याही ज्ञात जातीशी जुळेना.

विद्यार्थिमित्रांनो, पर्यावरण अहवाल उघडा. पक्षिगणना किती दिवस, कोणत्या ऋतूत, किती किनाऱ्यांवर झाली ते शोधा. मेंचलवर आज किती ढीग वापरात आहेत, आणखी किती जोड्या तेथे मावतील, हे आकडे मागा. ते प्रसिद्ध होईपर्यंत ‘पर्यायी व्यवस्था’ हा शब्द विज्ञानाच्या बातमीत छापला जाऊ नये.